गुरांमागची शाळा

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हरांड्याच्या भिंतीवर दहा जीवनकौशल्यं रंगवलेली आहेत. स्वतःची जाणीव, समानुभूती, प्रश्न सोडवणं, निर्णय घेणं, चांगलं बोलणं-ऐकणं, भावना आवरणं, ताण सोसणं, अशी ती यादी. मी शाळा व्यवस्थापन समितीत होतो, तेव्हा माझा नातू चौथीत होता. त्यानं ती दहाच्या दहा सताराच्या पाढ्यासारखी एका दमात म्हणून दाखवली. मी विचारलं, "समानुभूती म्हंजे काय रे?" तो म्हणाला, "दुसऱ्याच्या जागी आपण आहोत असं समजून वागणं." उत्तर बरोबर होतं. मला मात्र माझी थोरली बहीण आठवली.

आक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचं नाव पहिलीत घातलं होतं. 1960 साली मी जन्मलो आणि सव्वा महिन्यानं आई पुन्हा खुरपायला जायला लागली. मग मला सांभाळायचं कोणी? मी आक्काच्या कडेवर आलो. माझ्यामागं आणखी एक भाऊ झाला, तोही तिच्याच कडेवर. हजेरीपटावरून तिचं नाव कधी गळालं ते घरात कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पुढं मी शाळेत जायला लागलो, तर ती धाकट्याला घेऊन मला पायरीपर्यंत सोडायला यायची. आत पोरं बाराखडी म्हणायची, ती खिडकीशी उभी राहून ऐकायची आणि मग माघारी फिरायची.

माझीही शाळा सलग झाली नाही. पावसाळा सरला की गुरं वळायला जावं लागे. परत आलो की गुरुजी विचारायचे, "कुठं होतास?" "गुरांमागं होतो गुरुजी," म्हणालो की हातावर छडी. गुरुजींचं चुकत होतं असं तेव्हा वाटलं नाही. गुरं आणि शाळा या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरीणच, असंच आम्ही धरून चाललो होतो.

तसं नव्हतं, हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली. आमच्या तालुक्यातले पंचवीस-तीस शेतकरी मिळून आम्ही डहाणूकडं चिकूच्या बागा बघायला गेलो होतो. घोलवड, बोर्डी करत कोसबाडच्या टेकडीवर गेलो. तिथं कृषी विज्ञान केंद्र आहे. कलमं बघून झाली, चहा झाला, आणि तिथल्याच एका म्हाताऱ्यानं बोलता बोलता सांगितलं, "इथं पूर्वी गुरं चारणाऱ्या पोरांची कुरणात शाळा भरायची." मी चिकू विसरलो. परत आल्यावर वाचनालयातून अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' आणलं, आणि मिळेल ते वाचत गेलो.

गोष्ट सुरू होते ताराबाई मोडकांपासून. जन्म 1892 चा. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते, वकिली सोडून लहान मुलांच्या शिक्षणात पडलेले. त्यांनी 1920 साली बालमंदिर काढलं. मुलाला मारायचं नाही, बक्षिसाची लालूच दाखवायची नाही, त्याच्या हातांना काम द्यायचं आणि त्याला गोष्टी सांगायच्या, अशी त्यांची रीत. ताराबाई त्यांच्याबरोबर काम करून शिकल्या. पण शहरातल्या बालमंदिराला लागणारी साधनं महाग. खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न उरलाच. म्हणून 1945 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, बाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला अनुताई वाघ. त्या मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत विधवा झाल्या. पुढं शिकून पुण्यात शिक्षिका झाल्या आणि ती नोकरी सोडून बोर्डीला आल्या.

शिंपले, बिया, पानं, खडे, बांबूचे तुकडे हीच त्यांची साधनं. पोरं खड्यांनी मोजायला शिकली. पण शाळा मांडली तरी गरीब वस्तीतली पोरं येईनात. आता आपल्यासारखा माणूस म्हणाला असता, येत नाहीत तर राहू देत. या बायांनी शाळाच उचलली आणि वस्तीत, घरापुढच्या अंगणात नेऊन मांडली. तीच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची बालविकासाची योजना सुरू झाली आणि आज गावोगाव तेच नाव आहे.

अंगणात गेल्यावर पहिला धडा अक्षरांचा नसायचा. तोंड धुणं, अंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं, हाच पहिला धडा. कोणीतरी मायेनं आपलं डोकं विंचरतंय, हे ज्या पोराला कळलं ते पोर दुसऱ्या दिवशी आपणहून येतं. आम्ही शेतकरी ही गोष्ट जनावराच्या बाबतीत जाणतो. नवी गाय दावणीला आणली की लगेच धारेला बसत नाही, आधी तिच्या पाठीवरनं हात फिरवतो. पोराच्या बाबतीत मात्र आम्ही छडीपासून सुरुवात केली.

1957 साली हे काम कोसबाडला आलं. तिथं वारल्यांची वस्ती. सावकार-जमीनदारांची वेठबिगार पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली माणसं. ज्या 1945 साली खाली बोर्डीत बालवाडी निघाली, त्याच साली याच मुलखात गोदावरी परुळेकरांच्या संगतीनं वारली वेठीविरुद्ध उठले होते. पांढरे कपडे दिसले की पोरं झाडीत पळायची, ती काय उगाच नव्हे. अशा पोरांना कौशल्य शिकवायचं म्हणजे आधी त्यांची भीती घालवायची.

पोरं दिवसभर गुरांमागं, म्हणून शिक्षक कुरणात गेले. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीत, गाणी, गोष्टी, मोजणी चालू आहे. ती कुरणशाळा. आणि ज्या मुली कडेवर भावंडं घेऊन फिरत, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी ठेवली. तिला म्हणायचे विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. तिघंही एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी जन्मलो त्याच्या तीन वर्षं आधी या बाया टेकडीवर आल्या होत्या. एक पाळणा. शाळेच्या आढ्याला एक झोळी बांधली असती, तर आक्का शिकली असती. एवढ्या साध्या गोष्टीला ना इमारत लागत होती, ना पैसा.

आता माझं सांगतो. वडील गेल्यावर आम्ही भावांनी हक्कसोडपत्र केलं. आमच्याकडं सगळेच करतात. आक्काला जीपमध्ये बसवून रजिस्टर ऑफिसात नेलं. तिथल्या बाबूनं विचारलं, "वाचून दाखवलं का?" मी म्हणालो, "हो." दाखवलं नव्हतं. तिनं अंगठा लावला. येताना मी तिला लुगडं घेतलं. तिनं ते कपाळाला लावलं.

पुस्तक वाचल्यावर काही दिवसांनी मी तिच्या गावाला गेलो आणि त्या कागदात काय होतं ते सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "मला ठाव होतं रे. तू वाचून दाखवशील असं वाटलं होतं, एवढंच." मी म्हणालो, "एक एकर तुझ्या नावानं करतो." ती म्हणाली, "आता नको. माझ्या पोरांत भांडणं लागतील."

भिंतीवरच्या दहा गोष्टींतल्या बहुतेक आक्काला येत होत्या. रडतं पोर शांत करणं, जावा-जावांचं भांडण मिटवणं, मूठभर पिठात सहा जणांचं भागवणं. शाळेत न जाता आलं ते सगळं. पण कागदावर बोट ठेवून "हे काय लिहिलंय?" असं विचारणं तिला कोणी शिकवलं नाही. आणि मी दहावीपर्यंत शिकलो. मला वाचता येत होतं, समानुभूती येत नव्हती. एका घरातली दोन लेकरं, दोन्ही अर्धवट शिकलेली. कोसबाडला हे दोन्ही एका अंगणात शिकवायचा घाट घातला होता. पोराची माया आणि पोराची पाटी वेगळी करायची नाही, एवढंच त्या बायांचं सांगणं मला समजलं.

नातवानं पाढा म्हटला त्याच साली आमच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली होती. कोप्यांवरली एक तिसरीतली मुलगी दोन दिवस शाळेत आली आणि तिसऱ्या दिवशी गायब. मॅडम कोपीवर जाऊन बघून आल्या. घरी आठ महिन्यांचा भाऊ. समितीच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "तिला म्हणावं, त्याला घेऊनच ये." एक-दोघं म्हणाले, शाळा आहे का पाळणाघर? पोर रडलं तर बाकीच्यांनी काय करायचं? मी एरवी बैठकीत फार बोलत नाही. त्या दिवशी बोललो. कोसबाडचं सांगितलं, आक्काचंही सांगितलं. हक्कसोडीचंही. सगळे गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी मी घरून जुनं धडुतं आणि सोल नेला आणि व्हरांड्याच्या लाकडाला झोळी बांधली, त्या रंगवलेल्या यादीच्या बरोबर समोर. पोर रडायचं. ते रडलं की चौथीतलं कोणी ना कोणी उठून झोका द्यायचं. माझ्या नातवानंही दिला. टोळी मार्चअखेर गेली तोवर ती पोरगी जोडाक्षरं वाचायला लागली होती.