सीमेवरचा कथाकार आणि टपालाची वाट

मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास बहुधा पुणे आणि मुंबई या दोन शहरांभोवतीच लिहिला जातो. मासिकांच्या कचेऱ्या, छापखाने, संपादकांच्या बैठकी आणि प्रकाशकांच्या पेढ्या तेथेच एकवटल्या होत्या. या वर्तुळापासून दूर राहणाऱ्या, आणि त्यातही अद्भुताच्या सृष्टीत रमणाऱ्या लेखकाला छापील पानापर्यंतची वाट कशी सापडत असेल? बेळगावात वाढलेले कथाकार जी. ए. कुलकर्णी यांचे लेखनजीवन हे या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर आहे.

गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म १९२३ मधला. त्यांचे बालपण बेळगावात गेले. पुढे धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केले. मराठीच्या जोडीने कन्नड सतत कानांवर पडावी, असा हा मुलूख. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला होता. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी व धारवाड हा टापू तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी लेखक एका राज्यात आणि त्याचे संपादक व प्रकाशक दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती निर्माण झाली.

हे अंतर टपालाने मिटविले. निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारींतील कष्टकऱ्यांचे जग मराठी वाचकांपुढे उभे केले, तेही गाव न सोडता. जी. ए. यांच्या कथा धारवाडहून मुंबईस ‘सत्यकथा’ मासिकाकडे जात. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे तेथील संपादक हस्तलिखित बारकाईने वाचणारे आणि लेखकाशी पत्रांतून सविस्तर चर्चा करणारे होते. पॉप्युलर प्रकाशनाने १९५९ मध्ये ‘निळासावळा’ प्रसिद्ध केला. पाठोपाठ ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ आणि १९६६ मध्ये ‘रक्तचंदन’ असे संग्रह आले. या कथांतील घरे, नाती आणि दुःखे वाचकाच्या ओळखीची होती.

यानंतर मात्र त्यांची कथा परिचित जग ओलांडू लागली. ‘विदूषक’मध्ये नकाशावर नसलेले राज्य आले, ‘स्वामी’मध्ये वाट चुकलेला साधा माणूस एका मठाचा बंदिवान झाला, ‘इस्किलार’मध्ये भविष्य आणि नियती यांचे कोडे काल्पनिक भूमीवर मांडले गेले. अशा लेखनाला मराठीत स्वतंत्र आणि प्रतिष्ठित दालन नव्हते. ‘केरळकोकिळ’ मासिकाने १९०० च्या सुमारास जूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीत आणली होती, आणि नारायण धारप यांच्या भयकथा वाचनालयांतून हातोहात फिरत होत्या. तरीही अशा लेखनाची गणना रंजनातच होई आणि समीक्षेची पंगत त्यापासून दूरच राही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा पाठविली, ती टोपणनावाने. वैज्ञानिक म्हणून असलेल्या कीर्तीचा भार कथेवर पडू नये, हा त्यामागील हेतू होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले.

जी. ए. यांनी दार बदलले नाही. ज्या मासिकाने आणि प्रकाशकाने त्यांच्या वास्तवकथा स्वीकारल्या होत्या, त्यांच्याच हाती त्यांनी रूपककथाही सोपविल्या. दशकभराच्या व्यवहारातून जमलेला विश्वास येथे कामी आला. कथेवर कोणते लेबल लावावे, हा वाद बाजूस राहिला आणि कथा वाचली गेली. १९७२ मध्ये ‘काजळमाया’, १९७५ मध्ये ‘रमलखुणा’ आणि ‘सांजशकुन’, तर १९७७ मध्ये ‘पिंगळावेळ’ अशी पुस्तके निघाली.

या मार्गावरील खरी कसोटी मात्र यशानंतर आली. ‘काजळमाये’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लगेच पुस्तकाच्या प्रकाशनकाळाविषयी वाद उपस्थित झाला: नियमात ठरलेल्या मुदतीत ते प्रसिद्ध झाले होते काय? वाद तारखेचा होता. कथांच्या गुणवत्तेचा नव्हे. लेखक गप्प राहिला असता, तर त्याला दोष देणे कठीण होते. जी. ए. यांनी पुरस्कार परत केला. आडगावच्या लेखकाला अखिल भारतीय मान्यतेचे मोल किती असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या कृतीचे वजन कळते. सभासमारंभ टाळणाऱ्या या लेखकाने ग्रंथव्यवहाराशी केलेला करार साधा होता: त्याने कथा द्यावी, जगाने ती वाचावी, त्यापलीकडे कोणी कोणाचे देणे लागत नाही.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात जी. ए. यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची निवडक पत्रे चार खंडांत प्रसिद्ध झाली. लोकांपासून दूर राहिलेला हा माणूस कागदावर किती मोकळा होता, हे त्यांवरून दिसते. आज हस्तलिखित क्षणार्धात संपादकापर्यंत पोहोचते. सीमा आणि अंतर यांची पूर्वीची अडचण उरलेली नाही. परंतु अनोळखी सृष्टीची कथा पूर्वग्रह बाजूस ठेवून शेवटपर्यंत वाचणारा संपादक आजही सहजासहजी भेटत नाही. धारवाडच्या टपालाला तो भेटला, म्हणूनच ‘इस्किलार’ मराठीत आले.