शंभरात किती?

परवा नातीचा फोन आला. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करतेय. म्हणाली, "आजी, शंभरात मतिमंद माणसं किती असतात, सांग बरं?" आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त केलं, आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणायचं. म्हटलं, अगं, कुठल्या साली विचारतेस त्यावर आहे ते!

थट्टा नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये बीने आणि सिमाँ यांनी पहिली बुद्धिचाचणी केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी म्हणून. पुढे डॉ. कामतांनी ती मराठी-कानडीत आणली. बीनेचा हेतू मदतीचा होता, पण चाचणी आली की रेघ आली. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने १९५९ साली ही रेघ सुमारे ८५ गुणांवर ओढली. नुसत्या गुणांवर पाहिलं तर शंभरातले सोळा जण रेघेखाली! १९७३ साली तीच रेघ ७० वर आणली, आणि उरले दोन-सव्वादोन. मुलं तीच, डोकी तीच. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलेले कितीतरी 'ढ' या दोन रेघांच्या मधलेच असणार. त्यातला एक आज चार ट्रॅक्टरचा मालक आहे. असो.

हल्ली जगभरच्या पाहण्यांवरून शंभरात साधारण एक असं धरतात. आपल्या २०११च्या जनगणनेत मात्र १२१ कोटींत १५ लाखच निघाले, म्हणजे आठशेत एक. बाकीचे गेले कुठे?

ते मला थोडं ठाऊक आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मी प्रगणक होते. १९८१ साली फक्त आंधळे, पांगळे, मुके मोजले होते, १९९१ ला तेही नाहीत. २००१ ला 'मानसिक' हा प्रकार आला, बुद्धी अधू असलेले आणि मनाचे आजारी एकाच रकान्यात. एका घरी आतून कोणी मोठ्यानं हसत होतं. "घरात आणखी कोणी?" विचारलं, तर "सगळे धडधाकट आहेत हो बाई." सांगतील ते लिहायचं, असा नियम. लिहिलं. लग्नाच्या मुली होत्या त्या घरात.

मनात त्यांना नावं ठेवत घरी आले. दोन दिवसांनी आमच्याकडे दुसऱ्या शाळेतले गुरुजी मोजणीला आले. घरच्यांना ठाऊकच आहे, माझे धाकटे दीर आमच्यातच असायचे. भाऊजींना दुधाचा हिशेब कधी जमला नाही, पण ओट्यावरची चप्पल पाहून पाहुणा कोण ते अचूक सांगायचे. गुरुजींनी अपंगत्वाचं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "छे, थोडा भोळा आहे एवढंच." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. काही बोलले नाही. गुरुजींनी रकाना रिकामा सोडला. भाऊजी त्यांच्या चपला सरळ करून ठेवत होते.

त्या वर्षी देशभरात 'मानसिक' म्हणून २२ लाख ६३ हजार माणसं मोजली गेली. भाऊजी त्यात नाहीत. आता भाऊजीही नाहीत आणि सासूबाईही नाहीत.

नातीला फोनवर एवढं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.