मंडईच्या रात्रीपुरते स्त्रीरूप

भंडारा जिल्ह्यातून 1 मे 1999 रोजी वेगळा झालेला गोंदिया जिल्हा झाडीपट्टीचा, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील धान पिकवणाऱ्या वनप्रदेशाचा भाग असून, येथे दिवाळीनंतर गावोगाव मंडई ही आप्तांना आमंत्रण देऊन भरवली जाणारी जत्रा भरते आणि रात्रभर दंडार व खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार रंगतात. खडी गंमतीत शाहिराच्या जोडीला नाच्या, म्हणजे स्त्रीरूपात नाचणारा पुरुष असे. लुगडे नेसून, पायांत घुंगरू बांधून पहाटेपर्यंत ढोलकीवर नाचणारा हा कलावंत सकाळी चेहऱ्यावरचा रंग धुऊन धानाच्या चुरणीला लागे, आणि रात्री ज्यांनी त्याच्यावर पैसे उधळले त्यांच्याच तोंडून दिवसा ‘बायल्या’ हे दूषण ऐके. शहरी संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांना लाभलेली प्रतिष्ठा या नटाच्या वाट्याला आली नाही, आणि त्याचे कारण स्त्रीवेशापेक्षा वर्ग व जात यांत शोधणे अधिक न्यायाचे ठरेल.

तरीही नाच्याला गावात घर होते, संसार होता. कारण त्याचे स्त्रीत्व लुगड्याबरोबर उतरते, अशी गावाची खात्री होती. ज्यांचे ते उतरत नसे, त्यांना मात्र घर सोडून गुरू-चेला परंपरेने बांधलेल्या हिजडा समुदायाचा आसरा घ्यावा लागे. वसाहतकालीन सत्तेने या दुराव्याला कायद्याचे बळ दिले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागानुसार नोंदणी झालेल्या ‘षंढ’ व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश केल्यास किंवा नाचगाणे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. हा भाग प्रथम उत्तरेकडील प्रांतांना लागू झाला व 1911 च्या नव्या कायद्यात वगळला गेला, पण त्यामागची दृष्टी टिकून राहिली. गोंदिया ज्या मध्य प्रांतात होते, तेथील जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिजड्यांची स्वतंत्र नोंद आहे. तिच्यात त्यांचा विचार मुख्यतः शारीरिक व्यंगाच्या अंगाने केलेला आहे आणि स्वतःला स्त्री मानणाऱ्या मनाची दखल जवळजवळ नाही.

पुढे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांत स्त्रिया स्वतः भूमिका करू लागल्या आणि नाच्याचे स्थान आक्रसले, म्हणजे पुरुषदेहातील स्त्रीत्वाला गावाने दिलेली एकमेव मान्य जागाही अरुंद झाली. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि 2019 च्या कायद्याने ओळख-प्रमाणपत्राचे काम जिल्हा प्रशासनाकडे सोपवले. त्यामुळे झाडीपट्टीतील तृतीयपंथी व्यक्तीला आपल्या नावाची शासकीय नोंद मागता येते, मात्र मंडईला घरच्या आमंत्रणाने येण्याचा मान कोणताही कायदा मिळवून देऊ शकलेला नाही.