जाळ्याची राखण : पाटापासून पडद्यापर्यंत

जाळे म्हणजे काय हे खान्देशातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. पांझरा नदीवर ठिकठिकाणी जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात, आणि चाऱ्यांतून पाणी फडाफडाला पोचते. ही फड पद्धत काही शतकांची जुनी आहे. पण नुसता बंधारा बांधला म्हणून पाणी शेतात येत नसे. पाणी वाटून द्यायला पाटकरी असे, पिके राखायला जागल्या असे आणि या साऱ्यांवर नजर ठेवायला हवालदार असे. पाट कुठे फुटला, कोणत्या चारीत पाणी कमी गेले, हे पाटकऱ्याला पायी फिरून पाहावे लागे. त्याला नेमणारे आणि त्याचा मोबदला देणारे शेतकरीच. तेव्हा जाबही त्याला त्यांनाच द्यावा लागे.

सांगायचे असे की, जाळे बांधणे हे एक काम आणि ते राखणे हे दुसरे. आज आपण पाहणार आहोत तो या दुसऱ्या कामाचा इतिहास. संगणकांच्या जाळ्यांची राखण करणारे सॉफ्टवेअर कसे आले, ते साध्या वेबपानावर कसे दिसू लागले, आणि असे पान आपल्याकडे बसवायचे तर काय सांभाळावे लागते, एवढाच आजचा विषय आहे.

पाटानंतर आपल्या भागात आलेले मोठे जाळे म्हणजे आगगाडीचे. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशात शिरली. १८६६ साली भुसावळहून खांडव्यापर्यंत आणि १८६७ साली नागपूरपर्यंत गाड्या जाऊ लागल्या. चाळीसगावहून धुळ्याला फाटा आला तो १९०० साली. रुळांच्या कडेने तारेचे खांब होते. पुढचा मार्ग मोकळा आहे का, हे स्टेशनमास्तर शेजारच्या स्टेशनाला तारेने विचारी आणि ‘लाईन क्लिअर’ मिळाल्यावरच गाडी सोडी. पण त्याला कळे ते फक्त शेजारच्या स्टेशनापुरते. सबंध मार्गावर काय चालले आहे, हे पाहणारे कोणी नव्हते.

विसाव्या शतकात ही उणीव कंट्रोलच्या टेलिफोनने भरून काढली. एका खोलीत बसलेला कंट्रोलर साऱ्या स्टेशनांशी बोले आणि समोरच्या तक्त्यावर गाड्या आखी. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशने, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. गाडी वाटेत थांबली की रेघ आडवी होई. भुसावळ हे रेल्वेच्या विभागाचे ठाणे, त्यामुळे असा तक्ता आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक आहे. दूरचे हाल कागदावरच्या रेघेत पाहण्याची युक्ती ती हीच.

आता संगणकांकडे वळू. अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले. जाळे वाढले तसा प्रश्न आला, दूरचे यंत्र जिवंत आहे की नाही हे कळायचे कसे? १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. तो दूरच्या यंत्राला हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते सांगतो. पण ‘ओ’ आली म्हणजे प्रकृती ठीक आहे असे नव्हे. म्हणून १९८८ साली केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी प्रश्नोत्तरांची एक पद्धत नियमबद्ध केली. तिचे नाव एसएनएमपी. प्रत्येक राऊटरमध्ये, प्रत्येक स्विचमध्ये एक छोटा कारकून बसवायचा. कोणत्या तारेतून किती माहिती आली, किती गेली, कोणते दार बंद पडले, याची नोंद तो ठेवतो आणि विचारले की सांगतो.

मग अडचण कोणती राहिली? ही उत्तरे पाहायची ती खास यंत्रांवर आणि खास जाणकारांनी. इंग्लंडातल्या लेस्टर शहरी डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात १९९४ च्या सुमारास बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच तार होती, सेकंदाला अवघ्या ६४ किलोबिटांची. ती किती भरली आहे, हे जो तो विचारी. तिथल्या टोबियास ओटिकर यांनी असा प्रोग्राम केला की, दर पाच मिनिटांनी राऊटरला विचारायचे, उत्तराचा आलेख काढायचा आणि तो वेबपानावर ठेवायचा. १९९५ साली ‘एमआरटीजी’ या नावाने तो सर्वांना खुला झाला. कंट्रोलच्या खोलीतला तक्ता जणू चावडीवर लागला!

ओटिकर यांनीच १९९९ साली आरआरडीटूल आणले. त्याची वही ठरावीक पानांचीच असते. जुन्या आकड्यांची सरासरी करून ती जागा वाचविते, म्हणून वर्षानुवर्षे नोंद करूनही फुगत नाही. त्यावर २००१ साली इयान बेरी यांनी ‘कॅक्टी’ उभारले. यात नवे यंत्र जोडणे, आलेख निवडणे, कोणाला काय दिसावे हे ठरविणे, ही सारी कामे वेबपानावरूनच होतात.

हे सगळे आपल्या दाराशी कसे आले? १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना केंद्राने मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. म्हणजे आता पाट गावापर्यंत आखलेला आहे. शाळेचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्तीची कामे याच वाटेने जातात. पाट फुटला तर पाटकरी कोण?

समजा, तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाने स्वतःच्या जाळ्यासाठी कॅक्टी बसवायचे ठरविले. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि लहान जाळ्यासाठी साधा संगणकही पुरतो. त्यावर लिनक्स, वेब सर्व्हर, पीएचपी, मारियाडीबी आणि आरआरडीटूल बसवावे. मग ब्राउझरमधून पान उघडले की बसवणीचा भाग स्वतःच तपासणी करतो आणि काय कमी आहे ते सांगतो. इथवर काम सोपे. पुष्कळदा घोटाळा होतो तो पुढे. पान छान दिसते, आलेख मात्र कोरे! कारण दर पाच मिनिटांनी फेरी मारणाऱ्या प्रोग्रामला वेळापत्रकात नेमलेलेच नसते. वाडा बांधला, पण पाटकरी नेमला नाही, असा तो प्रकार. घड्याळही बरोबर हवे. वेळ चुकली तर नोंदीला पुरावा म्हणून किंमत राहत नाही.

आलेख वाचण्याची एक खूण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. रेघ शून्यावर असणे वेगळे आणि रेघ तुटलेली असणे वेगळे. शून्य म्हणजे यंत्राने उत्तर दिले, पण तारेतून काही गेले नाही. तुटलेली रेघ म्हणजे उत्तरच आले नाही. आता उत्तर न येण्याचे कारण तार तुटणे असेल किंवा वीज जाणेही असेल. म्हणून बॅटरीच्या यंत्राचीही नोंद ठेवावी, म्हणजे दोष कुणाचा हे कळते.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. पुष्कळ यंत्रांत ‘पब्लिक’ हाच परवलीचा शब्द मुळात घातलेला असतो. तो आधी बदलावा. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत तो शब्द तारेवरून उघडा जातो, म्हणून २००२ साली प्रमाण ठरलेली तिसरी आवृत्ती वापरावी. खुद्द कॅक्टीतही २०२२ च्या डिसेंबरात मोठी उणीव उघड झाली. तिच्यामुळे लॉगिन न करता परक्याला आत आज्ञा चालविता येत असे. दुरुस्ती निघाली, पण ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्यावर हल्ले झाले. तेव्हा हे पान इंटरनेटवर उघडे टाकू नये, आणि दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात.

पण म्हणून सारेच कुलूपबंद करावे का? तसे केले तर आपण पुन्हा त्या बंद खोलीत जाऊन बसू. कॅक्टीत नुसते पाहण्याचा हक्क निराळा देता येतो. तो ग्रंथपालाला द्यावा, प्रयोगशाळेच्या शिक्षकाला द्यावा. बदलण्याचा हक्क एकादोघांकडेच ठेवावा. यंत्रांना आकडी पत्त्यांऐवजी ‘ग्रंथालय’, ‘मुलींचे वसतिगृह’ अशी नावे द्यावीत, म्हणजे पाहणाऱ्याला उमगेल.

असे झाले म्हणजे तक्रारीचे रूप पालटते. ‘नेट नेहमीच बंद असते’ या तक्रारीला कोणी दाद देत नाही. पण ‘सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांपासून दुपारी दोनपर्यंत तार बंद होती, वीज मात्र चालू होती’ असे आलेखासह लिहिले की संबंधितांना उत्तर द्यावे लागते. पांझराकाठच्या शेतकऱ्याला पाटकऱ्याकडे जाब मागता येई, कारण चारीत पाणी आले की नाही हे तो स्वतः पाहत असे. आपल्या शाळांना आणि महाविद्यालयांना तसे पाहण्याचे साधन आज फुकट उपलब्ध आहे. ते बसवावे, आणि बसविल्यावर रोज एकदा उघडून पाहावे.