बदललेल्या गुरुत्वातील स्फटिकवाढ : विद्यार्थी-प्रयोग

गुरुत्वाचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला (सूक्ष्मगुरुत्व) किंवा अनेक पटींनी वाढवला, तर स्फटिक कसे वाढतात हे तपासण्यासाठी शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आखलेले प्रयोग.

वाढता स्फटिक लगतच्या द्रावणातील पदार्थ ओढून घेतो. तेथील द्रावण सहसा हलके होऊन वर चढते आणि त्याच्या जागी दाट द्रावण येते. सूक्ष्मगुरुत्वात हे अभिसरण जवळपास थांबते. पदार्थ विसरणाने, संथपणे पोचतो आणि स्फटिक तळाशी बसत नाहीत. त्यामुळे ते अधिक निर्दोष व्हावेत ही अपेक्षा असते. प्रत्येक पदार्थाने ती पुरी केलेली नाही.

कोणता पदार्थ घ्यायचा हे सूक्ष्मगुरुत्वाचा किती वेळ मिळतो यावर ठरते. जर्मनीतील ब्रेमेनच्या पतन-मनोऱ्यातून उपकरण खाली सोडले तर सुमारे ४.७ सेकंद मिळतात, परवलयी मार्गाने उडणाऱ्या विमानात सुमारे २०. एवढ्यात अतिसंपृक्त द्रावणाचे झपाट्याने होणारे स्फटिकीभवनच पाहता येते. प्रथिनांचे स्फटिक वाढायला बहुधा काही दिवस लागतात, म्हणून त्यांना कक्षाच लागते. गुरुत्वाच्या उलट टोकाला, युरोपीय अंतराळ संस्थेच्या नेदर्लंड्समधील ८ मी. व्यासाच्या अपकेंद्री यंत्रावर विद्यार्थ्यांना २० पट गुरुत्वापर्यंत जाता येते.

‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानाच्या १९८४ मधील पहिल्या उड्डाणातच स्फटिकवाढीचा एक विद्यार्थी-प्रयोग होता. सर्वांत लक्षवेधी मात्र ‘कोलंबिया’ यानावरील २००३ ची ‘रासायनिक बाग’. इझ्राएलमधील शालेय विद्यार्थ्यांनी कोबाल्ट व कॅल्शियमचे क्षार सोडियम सिलिकेटच्या द्रावणात वाढवण्याची योजना केली होती. क्षाराभोवती अर्धपार्य पटल तयार होते, परासरणाने पाणी आत शिरते, पटल फुटते आणि बाहेर पडणाऱ्या द्रवाभोवती नळी घडते. पृथ्वीवर तो द्रव हलका असल्याने नळ्या वर चढतात. कक्षेत त्यांना ‘वर’ अशी दिशाच नसते. काटेकोर अर्थाने ही स्फटिकवाढ नव्हे, कारण या नळ्या बऱ्याच अंशी अस्फटिकी असतात. पण गुरुत्वाचा वाटा इतक्या उघडपणे दाखवणारा शालेय प्रयोग विरळाच. १ फेब्रुवारी रोजी परतताना यान भंगले. कल्पना चावला, इलान रामोन व अन्य पाच अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

२०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या विद्यार्थी-उपक्रमात चिमट्यांनी कप्पे केलेली छोटी नळी अंतराळ स्थानकावर जाते. अंतराळवीर चिमटा काढतात आणि द्रावणे मिसळतात. जमिनीवर तसाच दुसरा संच चालवावाच लागतो; त्याच्याशी ताडल्याशिवाय कक्षेतल्या स्फटिकाबद्दल काहीच म्हणता येत नाही.