अंधारातला हिशेब

मंडळी, आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असतो. म्हणून नातवंडांना सांगावेसे वाटते, की फिल्म हाताळायला एके काळी अंधारी खोली लागत असे. कापताना हात तिरका गेला की माल वाया, आणि दिवा लावून बघायचीही सोय नाही!

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र मागवले. त्यांना मिळणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोके नसत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर दर चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोके लागतात. त्यांत दाते अडकवूनच यंत्र फिल्म पुढे ओढते. अंतर जरा चुकले, तर पडद्यावर चित्र नाचणार.

दादरच्या घरी हे काम अंधारात सरस्वतीबाई फाळके करत. मास्तरकीची खोड म्हणून हिशेब मांडतो. फुटाला सोळा चित्रे, म्हणजे दोन्ही कडा मिळून १२८ भोके. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोके झाली! शिवाय चित्रपटातल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्याच करत.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. दादासाहेबांच्या नावाने १९६९ पासून पुरस्कार दिला जातो, ते योग्यच आहे. पण मुलांना ही गोष्ट सांगाल तेव्हा सरस्वतीबाईंचेही नाव घ्या, एवढीच विनंती.