तांत्रिक परिषदेला पेपर पाठवताय? लेखकांसाठीचे नियम आणि त्यामागची कारणं

वर्षभर राबून प्रोजेक्ट केला, गाइडनी मसुदा तपासला, पेपर वेळेत अपलोडही झाला. आठवड्याभरात उत्तर आलं : पेपर नियमांत बसत नाही, म्हणून परीक्षकांकडे पाठवलेला नाही. संशोधन चांगलं की वाईट, हा प्रश्नच आला नाही, कारण ते कुणी वाचलंच नाही. याला 'डेस्क रिजेक्ट' म्हणतात. म्हणजे पेपर टेबलावरूनच परत.

बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं-मुली आज इंजिनिअरिंगला आहेत, एम.टेक. किंवा पीएच.डी. करताहेत. पेपर कसा पाठवायचा हे सांगणारं माणूस प्रत्येकाच्या घरात नसतं. नोंदणीची फी मात्र बहुतेक वेळा घरातूनच जाते. म्हणून हे नियम एका ठिकाणी, त्यांच्या कारणांसह देत आहोत. कारण कळलं की नियम लक्षात राहतो.

पेपर सक्तीचा आहे का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी नियतकालिकात किमान एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं आवश्यक होती. २०२२ च्या नियमांत ही सक्ती काढली. पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. त्यामुळे आधी आपल्या विद्यापीठाचा नियम विचारा. अट नसेल तर घाईने कुठेही पेपर टाकण्यापेक्षा थांबून नीट ठिकाणी पाठवलेला बरा.

पहिला नियम लेखकाने स्वतःसाठी पाळायचा : परिषद खरी आहे का?

फी घेऊन काहीही छापणाऱ्या परिषदा कमी नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी 'साय-जेन' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो संगणकशास्त्राचा, दिसायला खरा पण पूर्ण निरर्थक पेपर तयार करत असे. त्यातला एक पेपर एका परिषदेने स्वीकारलाही. पुढे २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आय-ट्रिपल-ई या मोठ्या प्रकाशकांना असे शंभराहून जास्त यंत्रनिर्मित पेपर आपल्या संग्रहातून काढावे लागले. म्हणजे नुसतं मोठं नाव बघून भागत नाही.

हैदराबादच्या ओमिक्स समूहाचं प्रकरणही माहीत असावं. नियतकालिकं आणि परिषदांबद्दल लेखकांची दिशाभूल केल्याच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला. नामवंत प्राध्यापक परिषदेला येणार अशी खोटी जाहिरात, हा त्यातला एक आरोप होता.

तपासायचं काय?

- समितीत ज्यांची नावं आहेत, त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर या परिषदेचा उल्लेख सापडतो का? शंका असल्यास त्यांना सरळ ई-मेल करा.
- मागच्या वर्षांचे पेपर जिथे छापले म्हणतात, तिथे ते खरंच दिसतात का? 'स्कोपसमध्ये येईल' हे आश्वासन झालं. 'मागच्या वर्षीचे पेपर आले आहेत' हा पुरावा.
- एकाच परिषदेत सिव्हिल, मेडिकल, मॅनेजमेंट आणि शेती, सगळंच आहे का?
- दोन-तीन दिवसांत, एकही प्रश्न न विचारता, 'अभिनंदन, फी भरा' असं उत्तर येतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर पैसे भरू नका.

मुदत आणि घड्याळ

परिषदेच्या निवेदनाला 'कॉल फॉर पेपर्स' म्हणतात. त्यात विषय, पानांची मर्यादा आणि तारखा असतात. गोषवाऱ्याची तारीख कधीकधी पेपरच्या आधीची असते. ती चुकली तर पेपर टाकताच येत नाही.

बऱ्याच आंतरराष्ट्रीय परिषदांत वेळेपुढे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' असं लिहिलेलं असतं. पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक आहे तोवर मुदत चालू, असा त्याचा अर्थ. रात्री ११.५९ ची ही मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ ला संपते. हे शब्द नसतील आणि दुसऱ्या देशाची वेळ दिली असेल, तर आधी भारतीय वेळेत मांडून घ्या. शेवटच्या तासाची वाट मात्र पाहू नका. त्या वेळी सर्व्हरवर गर्दी असते, आणि आपल्याकडे वीज आणि नेट कधी दगा देतील हे वेगळं सांगायला नको.

पानं, टेम्प्लेट आणि पीडीएफ

आय-ट्रिपल-ईच्या परिषदांचा नमुना ठरलेला आहे. दोन रकाने, टाइम्स न्यू रोमन, मजकूर १० पॉइंटचा, शीर्षक २४ पॉइंटचं. पानांची मर्यादा परिषदेगणिक वेगळी. संगणक-दृष्टीच्या सीव्हीपीआर परिषदेत संदर्भसूची सोडून ८ पानं, आणि जास्त झाली तर परीक्षण होत नाही. भाषा-तंत्रज्ञानाच्या एसीएल परिषदेत मोठ्या पेपरला ८ आणि छोट्याला ४ पानं असतात. शिवाय आपल्या कामाच्या मर्यादा सांगणारा स्वतंत्र भाग तिथे सक्तीचा आहे. तो पानांत मोजत नाहीत, पण नसला तर पेपर परत येतो.

जागा पुरत नाही म्हणून समास कमी करणं, ओळींमधलं अंतर दाबणं, आकृतीतली अक्षरं मुंगीएवढी करणं, या युक्त्या परीक्षकांना लगेच दिसतात. सगळ्यांना सारखी जागा मिळावी म्हणून तर मर्यादा असते. जागा कमी पडली की मजकूर कापायचा, समास नाही.

पीडीएफमध्ये सगळे फाँट समाविष्ट असले पाहिजेत. आकृतीत देवनागरी अक्षरं असतील तर हे जास्त जपा, नाहीतर परीक्षकाच्या संगणकावर चौकोन दिसतात. फाइलला पासवर्ड घालू नका. आय-ट्रिपल-ईच्या अनेक परिषदांत अंतिम फाइल 'पीडीएफ एक्सप्रेस' या तपासणीतून पास करून घ्यावी लागते.

नाव झाकायचं म्हणजे काय?

बऱ्याच परिषदांत लेखकाला परीक्षक आणि परीक्षकाला लेखक माहीत नसतो. त्याला 'डबल ब्लाइंड' म्हणतात. लहान गावातल्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला याचा फायदाच आहे. कॉलेजचं नाव बघून कुणी मत बनवू शकत नाही.

पण नुसतं पहिल्या पानावरचं नाव काढून काम संपत नाही. आभार काढा, अनुदानाचा क्रमांक काढा, पीडीएफच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव पुसा, कोडची लिंक स्वतःच्या नावाच्या खात्याची असेल तर बदला. 'आमच्या मागच्या पेपरमध्ये आम्ही दाखवलं' असं न लिहिता त्या पेपरचा उल्लेख तिसऱ्या माणसाचा असावा तसा करा. आकृतीत कॉलेजच्या लॅबची पाटी दिसत नाही ना, तेही बघा.

लेखक कोण, आणि नाव कसं लिहायचं?

इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त अवघडलेपण असतं. विभागप्रमुखांचं नाव घालायचं का? मित्राचं? आय-ट्रिपल-ईचा नियम स्पष्ट आहे. लेखक तोच, ज्याचा कामात महत्त्वाचा बौद्धिक वाटा आहे, ज्याने मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात भाग घेतला आहे, आणि ज्याने अंतिम पेपरला मान्यता दिली आहे. तिन्ही अटी हव्यात. ज्यांनी यंत्र वापरू दिलं किंवा आकडे गोळा करायला मदत केली, त्यांचे आभार मानावेत. सरांना 'नाही' म्हणणं जड जातं, हे खरं. म्हणून लेखकांची यादी आणि क्रम काम सुरू करतानाच ठरवून ई-मेलवर लिहून ठेवा. पेपर पाठवल्यानंतर नाव वाढवायला किंवा गाळायला अनेक परिषदा परवानगी देत नाहीत.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ सीमाभागात जास्त. मार्क्स कार्डवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. एकाच आद्याक्षरांचे पाटील किती असतील याची मोजदाद नाही. त्यावर उपाय म्हणजे 'ऑर्किड' क्रमांक. २०१२ पासून संशोधकांना हा १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो. तो घ्या, नावाचं एकच रूप ठरवा आणि आयुष्यभर तेच ठेवा.

गावाच्या नावाचंही तेच. आपण बेळगाव म्हणतो, पण २०१४ पासून सरकारी नोंद बेळगावी अशी आहे. शहर वडोदरा झालं, तरी तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अधिकृत नावात बडोदा आहे. पेपरवर संस्था स्वतःचं नाव-पत्ता जसा लिहिते तसाच लिहा. नाहीतर एकाच कॉलेजचे पेपर दोन वेगळ्या संस्थांच्या खात्यावर पडतात.

उसना मजकूर आणि दोन दगडांवर पाय

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्याचे चार स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर पेपर मागे घ्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना त्यासोबत एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवा विद्यार्थी घेता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. विद्यार्थ्याच्या प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त साम्य आढळलं तर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, प्रमाण समीकरणं, श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर हे त्यात धरत नाहीत.

हे आकडे म्हणजे '१० टक्के चोरी माफ' असं नव्हे. सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत, श्रेय न देता मांडली तर आकडा शून्य येईल, पण चोरी ती चोरीच. स्वतःचा जुना मजकूर न सांगता पुन्हा वापरणं हाही दोष आहे.

एकच पेपर एकाच वेळी दोन परिषदांना पाठवायचा नाही. परीक्षक हे काम बहुधा विनामोबदला करतात. दोन ठिकाणी पाठवलं की दोघांचा वेळ जातो, आणि उघड झालं की दोन्हीकडून पेपर जातो. परिषदेचा पेपर वाढवून नंतर नियतकालिकाला पाठवता येतो, पण मूळ पेपरचा उल्लेख करून आणि बरंच नवं काम घालून.

एआयची मदत

चॅटजीपीटीसारखं साधन लेखक होऊ शकत नाही, कारण चुकीची जबाबदारी ते घेऊ शकत नाही. आय-ट्रिपल-ईच्या नियमानुसार मजकूर, आकृती किंवा कोड एआयने तयार केला असेल तर कोणतं साधन आणि कोणत्या भागात, हे आभाराच्या भागात सांगावं लागतं. नुसतं व्याकरण सुधारलं असेल तर तेही सांगावं, अशी शिफारस आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी सुधारून घेण्यात लाज नाही. लपवण्यात धोका आहे. आणि एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा. अस्तित्वात नसलेले पेपर ते अगदी आत्मविश्वासाने सांगतं.

स्वीकारला, आता पुढे?

'ॲक्सेप्टेड' आलं की पेढे वाटा, पण काम बाकी आहे. परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली अंतिम प्रत द्यायची, कॉपीराइटचा फॉर्म भरायचा, आणि किमान एका लेखकाने नोंदणी करायची. विद्यार्थी सवलतीची नोंदणी काही ठिकाणी पेपरसाठी चालत नाही, म्हणून फी भरण्याआधी विचारा.

नंतर स्वतः सादर करायला जायचं. नोंदणी करूनही कुणी सादर केलं नाही, तर परिषदेनंतर तो पेपर संग्रहात न घेण्याचा अधिकार आय-ट्रिपल-ई राखून ठेवते. आजारपण किंवा व्हिसाची अडचण आली तर आधीच कळवा.

पेटंट घ्यायचं मनात असेल तर आधी अर्ज, मग पेपर. विद्वत्संस्थेपुढे संशोधकाने वाचलेल्या पेपरला भारतीय कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण युरोपात तशी नाही.

पाठवण्याआधी शेवटची नजर

- परिषद खरी आहे, हे स्वतः तपासलं.
- टेम्प्लेट याच वर्षीचं आहे, पानं मर्यादेत आहेत.
- नाव झाकायचं असेल तर आभार, लिंक आणि फाइलचे गुणधर्म पाहिले.
- सगळ्या लेखकांनी अंतिम पेपर वाचला आणि होकार दिला.
- प्रत्येक संदर्भ उघडून पाहिला, साम्य-अहवाल वाचला.
- अपलोड केलेली फाइल पुन्हा डाउनलोड करून उघडली.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. पण चुकीची फाइल अपलोड झाल्याचं मुदत संपल्यावर कळलं, तर बहुतेक वेळा काहीच करता येत नाही. पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या. छापलेला पेपर नावावर कायमचा राहतो, आणि तो मागे घ्यावा लागला तर तीही नोंद राहते.